आत्याबाईला मिशा नव्हत्या तरी जहागीर तिचीच (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात शंभर वर्षांच्या युद्धावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फ्रान्समधल्या एका आत्याने भाच्याला जहागीर मिळू दिली नाही, भाचा चिडून इंग्लंडला गेला आणि तिथल्या राजाचे कान भरत बसला. झालं! युद्ध राहिलं बाजूला आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं त्या आत्याबद्दल. आपल्या लोकांना भाऊबंदकीचा वास लांबून येतो हेच खरं. तर या वेळचा अख्खा कॉलम आत्याबाईंचा. नाव माओ, आर्त्वाची काउंटेस (चेअरमन साहेबांशी काही संबंध नाही, फ्रेंच उच्चारच तसा आहे, इंग्रजी पुस्तकांत तिला माटिल्डा पण म्हणतात).

ही बाई नक्की कोण होती? राणी होती का? घराणं कोणतं? (एक वाचक, पुणे)

राणी नव्हती, पण राणीची आई होती आणि खरं सांगायचं तर बऱ्याच राण्यांपेक्षा भारी होती. जन्म साधारण १२६८ चा. वडील रॉबेर दुसरे, आर्त्वाचे काउंट. आर्त्वा म्हणजे फ्रान्सचा अगदी उत्तरेकडचा भाग, फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडच्या मुलखाला) लागून, आरास, सँतोमेर, लाँस अशी गावं. कापडाचा धंदा, सावकारी, आणि आरासचे सावकार तर असे की मोठमोठे सरदार आणि शहरं त्यांच्याकडून उसने घ्यायची. म्हणजे जहागीर साधीसुधी नव्हे, दुभती गाय.

घराणं थेट राजाचं. संत म्हणून ज्याला मानतात तो नववा लुई, त्याच्या सख्ख्या भावाची ही नात. तो भाऊ म्हणजे पहिला रॉबेर, इजिप्तमध्ये मन्सुराच्या लढाईत १२५० मध्ये मारला गेला. तिचे वडील १३०२ मध्ये कूर्त्रेच्या लढाईत गेले. भाऊ फिलिप त्याच्याही आधी, फ्लँडर्सच्याच लढाईत जखमी होऊन १२९८ मध्ये गेला. नवरा ओथों, तोही लढाईतल्या जखमांनी १३०३ मध्ये. घरातले पुरुष एकामागून एक रणात, आणि मागे पस्तिशीतली विधवा, दोन मुली आणि तीन-चार वर्षांचा मुलगा.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. ओथों हा बर्गंडीचा काउंट. बर्गंडी दोन होत्या, एक डची (ड्यूकची) आणि एक काउंटी (काउंटची), ह्याची काउंटी, आज जिला फ्रांश-कोंते म्हणतात ती. माणूस शूर पण हाताला भोक. कर्ज इतकं करून ठेवलं की १२९५ मध्ये व्हँसेनला राजा फिलिप चौथ्याबरोबर करार करून अख्खी काउंटीच मोठ्या मुलीच्या हुंड्यात लिहून दिली, बदल्यात रोख रक्कम आणि तहहयात तनखा. मुलगी तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची. माओने नंतर आयुष्यभर जो कागद-कागद केला ना, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं. बापाने तलवार गाजवली, नवऱ्याने सही ठोकली, आणि निस्तरायचं हिने.

मॅडम, मी कोर्टात असतो म्हणून विचारतो. आपल्याकडे आधी वारलेल्या मुलाचा मुलगा हा वर्ग एकचा वारस धरतात. मग मुलाचा मुलगा जिवंत असताना आजोबांची इस्टेट मुलीकडे गेलीच कशी? (एक वाचक, नागपूर)

वकीलसाहेब, तुम्ही बरोबर नस पकडली. सगळं भांडण ह्याच एका प्रश्नावर आणि ते सत्तावीस वर्षं चाललं.

परिस्थिती अशी. आजोबा गेले १३०२ मध्ये. मुलगा आधीच गेलेला. त्या मुलाचा मुलगा, त्याचं नाव पण रॉबेर (ह्या घरात नावांची फार काटकसर), तेव्हा पंधरा वर्षांचा. आणि आजोबांची मुलगी माओ जिवंत. आता फ्रान्समध्ये तेव्हा एकच कायदा नव्हता, प्रत्येक मुलखाची आपली रूढी, आपला रिवाज. बऱ्याच ठिकाणी नातू बापाच्या जागी उभा राहून वाटा मागू शकायचा. आर्त्वाच्या रिवाजात ते चालत नव्हतं. तिथे हिशोब सरळ, मरणाऱ्याला जवळचं कोण, मूल की नातवंड? मूल. मग मूल मुलगी असली तरी तिचं. बाप आजोबांच्या आधी मेला तर त्याच्या पोरांचा हक्क त्याच्याबरोबर संपला. आज ऐकायला क्रूर वाटतं पण नियम होता आणि माओने तो पकडून ठेवला.

रॉबेर सज्ञान झाल्यावर त्याने दावा लावला. १३०९ मध्ये राजाने निकाल दिला, आर्त्वा माओचंच, भाच्याला थोड्या जमिनी आणि तनखा देऊन गप्प करा. तो कसला गप्प बसतोय. १३१४ च्या सुमारास आर्त्वाचे छोटे सरदार माओवर उठले, कर आणि कारभाराबद्दल तक्रारी होत्या आणि तिचा मुख्य कारभारी तिएरी दिरसों ह्याच्यावर तर खास राग. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रॉबेरने १३१६ मध्ये ह्या बंडात उडी मारली, एदँचा तिचा किल्ला लुटला गेला, बाईसाहेबांना काही वर्षं स्वतःच्याच जहागिरीत पाऊल टाकता आलं नाही. १३१८ मध्ये परत निकाल, परत माओच्या बाजूने. १३१९ मध्ये ती परत आली. हे सगळं होत असताना तिने सैन्य किती जमवलं हे कमी महत्त्वाचं, दर वेळी तिने कोर्टात काय दाखवलं ते जास्त.

बरं हे पण खरं की १३०९ ला निकाल देणारा राजा तिचा व्याही होता, आणि १३१८ ला निकाल देणारा तिचा जावई. त्यामुळे न्याय अगदी सोवळ्यातला होता असं मी म्हणणार नाही. पण रिवाज तिच्या बाजूचा नसता तर नुसत्या नात्यावर हे निभावलं नसतं असं मला वाटतं.

ताई, त्या सुनांच्या लफड्याबद्दल एक सिरीज बघितली. त्यातल्या दोघी हिच्याच मुली ना? आई म्हणून हिने काहीच केलं नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

हो, हिच्याच. नीट सांगते कारण सिरीजवाले मसाला फार घालतात.

राजा फिलिप चौथ्याला तीन मुलगे, लुई, फिलिप आणि शार्ल. माओची मोठी मुलगी झान मधल्या फिलिपला दिली १३०७ मध्ये, धाकटी ब्लांश धाकट्या शार्लला १३०८ मध्ये. म्हणजे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. थोरली जाऊ मार्गरित, ती बर्गंडीच्या डचीवाल्या घरातली. आणि ह्यांची एक नणंद, इझाबेल, इंग्लंडची राणी. नणंद माहेरी आली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गोष्ट अशी सांगतात की इझाबेलने वहिन्यांना भरतकाम केलेले बटवे भेट दिले होते आणि नंतर तेच बटवे तिला दोन तरुण सरदारांच्या कमरेला लटकताना दिसले. बटव्यांचं खरं-खोटं असो, १३१४ च्या वसंतात प्रकरण फुटलं. दोने घराण्यातले ते दोघे भाऊ, त्यांना पोंत्वाझला हालहाल करून मारलं. मार्गरित आणि ब्लांश ह्यांना नॉर्मंडीतल्या शातो गायारच्या किल्ल्यात टाकलं. मार्गरित पुढच्याच वर्षी तिथे गेली.

झानवर आरोप एवढाच की तुला माहीत होतं, तू बोलली नाहीस. तिला दूर्दांला ठेवलं होतं. तिची चौकशी झाली, निर्दोष ठरली, आणि नवऱ्याने तिला परत घरी नेलं. प्रेम असेल हो, नाही कोण म्हणतं. पण फ्रांश-कोंते तिच्या नावावर होतं हे पण विसरू नका, बायको सोडली असती तर मुलूखही गेला असता. आईने खटपट केली असणारच, ती हात बांधून बसणाऱ्यातली नव्हती.

पण ब्लांशचं वाईट झालं. अठराच्या आसपासची पोर, आठ वर्षं कैदेत. १३२२ मध्ये तिचा नवरा शार्ल राजा झाला आणि त्याला दुसरं लग्न करायचं होतं, तर हे लग्न रद्द कसं करायचं? व्यभिचारावर घटस्फोट चर्च देत नाही. मग शोधून काढलेलं कारण ऐका. माओ ही शार्लची गॉडमदर होती! त्याच्या बाप्तिस्म्याला तिने त्याला हातात घेतलं होतं. चर्चच्या नियमाने गॉडमदरची मुलगी म्हणजे धर्माची बहीण, आणि बहिणीशी लग्न कसं चालेल? पोपने, बाविसाव्या जॉनने, मे १३२२ मध्ये लग्न रद्द केलं. शार्लने त्याच वर्षी दुसरी केली. म्हणजे ज्या आईने थाटात लेक राजघराण्यात दिली तिच्याच नात्याचा धागा ओढून लेकीचा संसार उसवला, आणि हे नातं १३०८ मध्ये मांडवात उभ्या असलेल्या कुणाला माहीत नव्हतं हे शक्यच नाही. तेव्हा कुणी बोललं नाही इतकंच. ब्लांश त्यानंतर फार जगली नाही, १३२६ मध्ये गेली.

मुलाचं विचारलंय अजून एकीने, तर मुलगा, नाव अर्थात रॉबेर, १३१७ मध्ये वारला, सतरा-अठराचा. पॅरिसमधल्या फ्रान्सिस्कन मठात त्याला पुरलं आणि माओने शिल्पकार लावून त्याची संगमरवरी समाधी करून घेतली. शिल्पकार झां पेपँ द ह्युई, त्या काळातला नामवंत. ही मूर्ती अजून आहे, आता सँ-दनीच्या चर्चमध्ये ठेवलीये. चिलखत घातलेला पोरगा, हात जोडलेले, पायाशी सिंह. चेहरा अगदी कोवळा. त्याने एकही लढाई मारलेली नव्हती, पण काउंटच्या मुलाला चिलखताशिवाय कसं झोपवणार.

तिने राजाला विष घातलं हे खरं का? (तीन-चार जणांनी विचारलंय)

नाही. म्हणजे आरोप झाला, चौकशी झाली, ती सुटली.

लुई दहावा जून १३१६ मध्ये अचानक मेला. त्याच्या पश्चात नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला, झां, जन्मतःच राजा, आणि पाच दिवसांत तोही गेला. मग गादी कुणाला? मधल्या भावाला, फिलिपला, म्हणजे माओच्या जावयाला. लेक राणी झाली. लोकांनी दोन आणि दोन पाच करायला वेळ लावला नाही. एका बाईने साक्ष दिली की माओने माझ्याकडून वशीकरणाचं औषध नेलं, झानच्या हाताचं रक्त आणि जडीबुटी घालून केलेलं, जावयाचं मन लेकीकडे वळावं म्हणून, आणि नंतर राजासाठी विषही नेलं. वशीकरणाची गोष्ट मला मनोरंजक वाटते कारण ती दाखवते की लेकीचा संसार टिकवायला ही बाई काहीही करेल असं लोकांना वाटत होतं. विषाचं म्हणाल तर ऑक्टोबर १३१७ मध्ये ती निर्दोष ठरली. निकाल देणारे जावईबापू होते हे परत कुणीतरी लिहिणार, मला माहीत आहे. पण चौदाव्या शतकात तरणाताठा राजा तापाने मरणं आणि पाच दिवसांचं बाळ दगावणं ह्यात नवल काहीच नव्हतं, आणि आरोपांमागे भाच्याच्या गोटातली माणसं होती.

जानेवारी १३१७ मध्ये रँसला राज्याभिषेक झाला तेव्हाची गंमत सांगते. आर्त्वाच्या काउंटला १२९७ पासून पीअरचा मान होता, म्हणजे राज्याभिषेकात राजाच्या डोक्यावर मुकुट धरणाऱ्या मोजक्या मानकऱ्यांत तो. आणि आर्त्वाचा काउंट आता कोण, तर माओ. धरला मुकुट, बाकीच्या मानकऱ्यांबरोबर, जावयाच्या डोक्यावर. बाईमाणसाने हे करायचं म्हणजे काय, म्हणून बरीच कुजबुज झाली, त्या काळच्या बखरकाराने नोंदवून ठेवलीये.

आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या सभेने ठरवलं की फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नाही. हे लुईच्या लहान मुलीला बाजूला सारण्यासाठी, म्हणजे माओच्या जावयाच्या फायद्याचं. पण जावई १३२२ मध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे फक्त मुली! मग तोच नियम त्याच्या पोरींना लागला आणि गादी त्याच्या धाकट्या भावाकडे गेली, त्याच शार्लकडे. आर्त्वात बाई चालते, फ्रान्सच्या गादीवर चालत नाही, आणि एकच घर दोन्ही नियमांचं खाऊन-पिऊन बसलेलं.

भांडणं सोडून ती दिवसभर काय करायची? काही माहीत आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

माझा आवडता प्रश्न. खूप माहीत आहे, कारण बाईने हिशोब ठेवले आणि ते टिकले. आरासच्या सरकारी दप्तरात तिच्या कारभाराचे शेकडो कागद आहेत, चर्मपत्राच्या गुंडाळ्या, पावत्या, कामाचे करार. तिच्या मुलखातल्या अधिकाऱ्यांनी वर्षातून तीनदा हिशोब द्यायचा, कँडलमस, असेन्शन आणि ऑल सेंट्स ह्या सणांना. त्यामुळे आज आपल्याला कळतं की गरिबांना वाटायला कपडे आणि बूट घेतले, गवंड्याला किती दिले, पुस्तकं कुठून आणली. पुस्तकांचा शौक दांडगा होता. एदँचा किल्ला लुटला गेला तेव्हा तिने गेलेल्या मालाची यादी करवली, भरपाई मागायला म्हणून, आणि त्या यादीमुळे आपल्याला कळतं की तिच्याकडे ट्रिस्टन, पर्सिव्हल अशा कथांची पुस्तकं होती. म्हणजे भाच्याने दरोडा घातला म्हणून आपल्याला तिचं कपाट बघायला मिळतं.

त्या एदँबद्दल सांगायलाच हवं. तिच्या वडिलांनी तिथे मोठं उद्यान केलं होतं आणि त्यात यांत्रिक खेळणी बसवली होती. एका पुलावर माकडं, लाकडाची यंत्रं, वरून खऱ्या प्राण्याचं कातडं चढवलेलं, कळ फिरली की हलायची. पाहुणे पुलावर आले की घाबरून किंचाळत असणार. वडील गेल्यावर ही खेळणी दुरुस्त करत राहण्याचं काम माओने चालू ठेवलं. १३१२ च्या सुमारास माकडांना बिज्जूची नवी कातडी चढवल्याची नोंद आहे, आणि डोक्याला शिंगंही लावली. माकडाला शिंगं का? कुणालातरी सुचलं असेल, आणि काउंटेसबाईंनी पैसे मंजूर केले. इकडे भाच्याचा दावा, तिकडे आरासला कापडवाल्यांचे तंटे, आणि मध्येच शिंगवाल्या माकडांचं बिल. मला ही बाई ह्या बिलामुळे जास्त कळते, विषाच्या गोष्टींमुळे कमी.

वडिलांवर तिचा फार जीव असावा. पॅरिसजवळ कोंफ्लांला तिचा वाडा होता, तिथल्या दालनात तिने १३२० मध्ये ब्रुसेल्सच्या एका चित्रकाराकडून वडिलांच्या मोहिमेची चित्रं भिंतीवर काढून घेतली. करार लेखी. चित्रात काउंट जिथे जिथे येईल तिथे तिथे त्यांचं राजचिन्ह दिसलंच पाहिजे, असं त्यात लिहून घेतलंय. कंत्राटदाराला मोकळं सोडायचं नाही, ही सवय!

आरासला तेव्हा चित्रं विणलेल्या भारी पडद्यांचं काम सुरू होत होतं, पुढे त्याच धंद्याने गावाचं नाव युरोपभर झालं, आणि त्याच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये १३१३ ची माओची खरेदी आहे. तिचा वैद्य तोमा ल मिएझिए, हा रामोन युल नावाच्या तत्त्वज्ञाचा शिष्य, गुरूचे ग्रंथ जमवून त्यांची संकलनं करणारा. शिवाय तिने एदँला इस्पितळ बांधलं, गोन्येला कार्तुसियन नन्सचा मठ. दानधर्म मनापासून की लोकलाजेस्तव, ते तिचं तिला ठाऊक, रक्कम मात्र वहीत लिहिलेली आहे.

मग भाचा हरला कसा आणि युद्धाशी संबंध काय? (एक वाचक, बेळगाव)

भाचा हरला खोट्या कागदांमुळे. ऐका.

१३२८ मध्ये शार्लही गेला, मुलगा नाही. गादी चुलत घराकडे, फिलिप सहावा, व्हाल्वा घराण्याचा. रॉबेरची बायको ह्या फिलिपची बहीण, आणि गादी मिळवून देण्यात रॉबेरचा हात मोठा. म्हणजे आता पारडं फिरलं, मेहुणा राजा! रॉबेरने लगेच जुना दावा उकरला. म्हणाला, माझ्या आईबापांच्या लग्नात आजोबांनी आर्त्वा बाबांच्या नावे लिहून दिलं होतं, ते कागद माओने आणि तिच्या कारभाऱ्याने दडपले. कारभारी तोच तो तिएरी दिरसों, म्हातारपणी आरासचा बिशप होऊन १३२८ मध्येच वारला होता, त्यामुळे आता त्याच्या नावावर काहीही खपवायला मोकळीक. कागद कुणी आणले? झान द दिव्हियों नावाच्या बाईने, जी ह्या तिएरीच्या घरात त्याची रखेल म्हणून राहिलेली.

नोव्हेंबर १३२९ मध्ये चौकशी चालू असतानाच माओ पॅरिसला वारली, २७ तारखेला. जहागीर लेकीकडे, झानकडे, आणि दोन महिन्यांत जानेवारी १३३० मध्ये झानही गेली, आर्त्वाला ताबा घ्यायला निघालेली असताना वाटेत रोय गावी. आता विषाचा संशय उलट्या दिशेने, रॉबेरच्या बाजूवर. सिद्ध काहीच झालं नाही. आईबद्दल सिद्ध झालं नव्हतं तसंच.

मग कागद तपासले. दिव्हियोंबाईने काय केलं होतं, तर जुन्या खऱ्या दस्तांवरच्या मेणाच्या मोहोरा अलगद सोडवून नव्या मजकुराखाली चिकटवल्या होत्या. त्या काळी सहीला किंमत नव्हती, मोहोर म्हणजेच सही. आजोबांच्या मोहोरेचा एक कागद आरासच्या माणसाकडून विकत मिळवला होता. पण राजाचे कारकून असल्या कामात मुरलेले, त्यांना अक्षर, चिकटवलेलं मेण सगळं दिसलं. बाईने कबुली दिली आणि ऑक्टोबर १३३१ मध्ये पॅरिसला तिला जिवंत जाळलं. रॉबेर मात्र राजाचा मेहुणा, तो हजरच झाला नाही, १३३२ मध्ये त्याला हद्दपार करून इस्टेट जप्त केली. काही वर्षं इकडे तिकडे लपत तो इंग्लंडला पोचला, तिसऱ्या एडवर्डने त्याला ठेवून घेतलं. फिलिप म्हणाला माझा गुन्हेगार परत कर, एडवर्ड म्हणाला नाही. मे १३३७ मध्ये फिलिपने एडवर्डची फ्रान्समधली गॅस्कनी जप्त केली आणि त्यात हे एक कारण दाखवलं. इथून ते युद्ध सुरू झालं असं मानतात.

मागच्या वेळी मी एका वाक्यात उरकलं म्हणून दोघांनी रागावून लिहिलंय की आत्या-भाच्यामुळे युद्ध झालं हे अति सोपं आहे. बरोबर आहे तुमचं. गॅस्कनीचं भांडण जुनं, फ्लँडर्सच्या लोकरीचं भांडण, स्कॉटलंड, आणि एडवर्डचा स्वतःचाच फ्रान्सच्या गादीवर हक्क (आई कोण? तीच नणंद, इझाबेल), हे सगळं होतंच. रॉबेर नसता तर दुसरं निमित्त सापडलं असतं. तो स्वतः १३४२ मध्ये इंग्रजांच्या बाजूने ब्रिटनीत लढताना व्हानला जखमी होऊन मेला आणि लंडनला पुरला गेला. आर्त्वा शेवटपर्यंत नाही मिळालं.

मी सध्या पॅरिसजवळ नोकरीला आहे. तिच्या काळचं काही बघायला मिळेल का? (एक वाचक, मूळ सांगली)

सँ-दनीला जा, मेट्रोने जाता येतं, मुलाची समाधी बघा. पॅरिसमध्ये रू एतिएन मार्सेलवर एक मनोरा आहे, झां साँ-पर म्हणून, तो तिच्या आर्त्वा वाड्याच्या आवारात नंतर, १४०९ ते १४११ मध्ये बांधलेला, वाडा स्वतः गेला. तिला पोंत्वाझजवळच्या मोब्युइसोंच्या मठात पुरलं, तिच्या इच्छेप्रमाणे वडिलांच्या पायाशी. मठाच्या इमारती थोड्या उरल्या आहेत. आरासच्या म्युझियममध्ये गोन्येच्या मठासाठी तिने करून घेतलेली मेरीची मूर्ती आहे, पुन्हा पेपँचीच, १३२९ ची, जायच्या आधी ती मांडलेली आहे का एकदा फोन करून विचारा. एदँला जाऊ नका, म्हणजे जा पण माकडं मिळणार नाहीत, १५५३ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या फौजेने गाव पाडलं, आताचं एदँ काही किलोमीटरवर नवीन वसवलेलं आहे. आणि नेलचा मनोरा, जिथे सुनांचं लफडं झालं असं सांगतात, तोही नाही. तो नेल वाडा पुढे झानकडेच होता आणि तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, हा विका आणि त्या पैशात बर्गंडीहून पॅरिसला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी कॉलेज काढा. काढलं पण. बदनामीची जागा विकून कॉलेज काढलं पोरीने, मला तिचं हे आवडलं.

शेवटी आर्त्वा कुणाला मिळालं? (एक वाचक, मडगाव)

मुलींनाच. माओ, तिची मुलगी झान, मग झानची मुलगी, तिचंही नाव झान, ही बर्गंडीच्या ड्यूकला दिलेली. तिचा नातू १३६१ मध्ये पोरवयात वारला तेव्हा जहागीर परत मागे वळून तिच्या बहिणीकडे, मार्गरितकडे, म्हणजे माओच्या नातीकडे आली. मार्गरित १३८२ पर्यंत जगली. तिचा मुलगा दोनच वर्षांत गेला आणि त्याच्यामागे परत मुलगीच वारस, तीही मार्गरित, जिचा नवरा बर्गंडीचा ड्यूक फिलिप. त्यांचा मुलगा म्हणजे वरचा मनोरा बांधणारा झां. रॉबेरच्या वंशजांना पुढे राजाने मेहेरबानीने दुसऱ्या गावाची काउंटी दिली, ते स्वतःला दार्त्वा म्हणवत राहिले, आडनावापुरते.